मुलांना घेऊन समाजसेवा करायची आहे? मग दहा रविवार काढा. तयारीपासून पोच घेण्यापर्यंत सगळं

दरवर्षी मला चार-पाच पालकांचे मेसेज येतात, "आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन काहीतरी समाजसेवा करायची आहे, कशी करू?" आणि मग बहुतेक ठिकाणी जे होतं ते ठरलेलं असतं. एक रविवार, सारखे टीशर्ट, झाडू, हातमोजे, फोटो, वडापाव, सर्टिफिकेट. सोमवारी कोपऱ्यावर परत तेवढाच कचरा. मुलं दमतात, खूशही होतात, पण वॉर्ड ऑफिसात पत्र कोणत्या खिडकीत द्यायचं, अनोळखी दुकानदाराशी कसं बोलायचं, हजार रुपयांचा हिशोब कसा ठेवायचा यातलं त्यांना काहीच येत नाही, कारण ते सगळं आपण मोठ्यांनी आदल्या आठवड्यातच उरकून टाकलेलं असतं. फोन आपण केले, परवानगी आपण आणली, सामान आपण आणलं, मुलांनी फक्त यायचं.

शिकण्यासारखं जे होतं ते नेमकं त्याच कामांमध्ये होतं. म्हणून खालची पद्धत अशी बसवली आहे की ती कामं मुलांच्या हातात राहतील. मी सहा वर्षं १३ ते १६ वयाच्या मुलांचा रविवारचा गट चालवते आहे, आणि खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

उदाहरण एकच घेते, म्हणजे पायऱ्या नीट कळतील. आमच्या भागातल्या आजी-आजोबांना घरापासून दवाखाना आणि भाजीच्या गाड्यांपर्यंत फुटपाथवरून चालत जाता येत नाही, हा विषय. तुमच्याकडे विषय वेगळा असेल, क्रम हाच ठेवा.

## १. मुलं जमवायच्या आधीची तयारी (दोन ते तीन आठवडे)

किती मुलं: आठ ते दहा. पंधराच्या वर गेलं की पाच जण काम करतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. जास्त मुलं यायला तयार असतील तर दोन गट करा, दोन वेगळे विषय द्या.

मोठी माणसं किती: कमीत कमी दोन, त्यातली एक बाई. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल अशी वेळ कधीही येऊ द्यायची नाही, गाडीवर सोडायला जातानासुद्धा नाही. हा नियम पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्या पालकांसमोर आणि मुलांसमोर मोठ्याने सांगा, मनातल्या मनात पाळू नका. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाईनचा आणि ११२ हा इमर्जन्सीचा नंबर पाठ असला पाहिजे, तुमच्या गटातल्या मोठ्यांबद्दल तक्रार असेल तरी तो वापरता येतो हेही सांगा.

कधी: दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू करा आणि जानेवारीच्या शेवटी थांबा. जूनमध्ये सुरू केलं तर पावसात रंग टिकत नाही, शिवाय पहिली घटक चाचणी आणि गणपती मध्ये येतात. फेब्रुवारीत दहावीची मुलं हातात राहत नाहीत. वेळ सकाळी ७.३० ते ९.३०, कारण १० नंतर क्लास असतात आणि रस्त्यावर गर्दीही वाढते.

पालकांची मीटिंग: ही टाळू नका. अर्धा तासच घ्या पण समोरासमोर घ्या. लेखी संमती घ्या, त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मुलाने यायला परवानगी आहे का, फोटो काढलेले चालतील का, काही औषध किंवा अ‍ॅलर्जी आहे का. धनुर्वाताची लस कधी झाली तेही विचारून घ्या. सरकारी वेळापत्रकात टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसीचा) डोस १० आणि १६ व्या वर्षी असतो आणि मधल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा राहिलेला असतो. फुटपाथवर गंजलेल्या सळया असतात, त्यामुळे राहिला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग काम.

आणि पालकांना एक विनंती हात जोडून करा: "मुलाचं काम तुम्ही करू नका." पत्र छान लिहून देणारे बाबा आणि ओळखीच्या नगरसेवकाला परस्पर फोन लावून काम करून घेणारे काका, या दोघांमुळे आमचे दोन वर्षांचे प्रकल्प वाया गेले. काम झालं होतं बरं का, फुटपाथचा तुटलेला भाग आठ दिवसांत नीट झाला. पण मुलं माझ्याकडे बघत उभी होती, की आता आम्ही काय करायचं?

तपासा: संमतीपत्रं सगळी हातात आली का? नसतील तर त्या मुलाला पहिल्या फेरीला नेऊ नका. "आई नंतर सही करणार आहे" चालणार नाही.

## २. पहिला रविवार: नुसतं चाला आणि ऐका

इथे सगळ्यात मोठी चूक होते. मोठी माणसं विषय ठरवून येतात, "आपण यावर्षी प्लास्टिकवर काम करूया", आणि मुलं माना डोलावतात. विषय मुलांनीच शोधायचा आहे, फक्त तो कुठे शोधायचा ते आपण दाखवायचं.

आम्ही काय करतो, तीन-तीन मुलांचे छोटे गट करतो आणि प्रत्येक गटाबरोबर एक आजी किंवा आजोबा देतो. आजी रोज जिथे जातात तिथपर्यंत त्यांच्या वेगाने त्यांच्या मागे चालायचं. पुढे नाही, मागे. बोलायचं कमी. आजी कुठे थांबल्या, कुठे रस्त्यावर उतरल्या, कुठे कशाला धरलं, तेवढं वहीत लिहायचं.

नववीतली एक मुलगी पहिल्या फेरीनंतर मला म्हणाली, "काकू, मी या रस्त्याने रोज सायकलवर जाते, मला दोन मिनिटं लागतात. आजींना एकवीस मिनिटं लागली आणि त्या सात वेळा खाली उतरल्या." तिने ते सात वेळा मोजलं होतं, मी सांगितलं नव्हतं. त्या वर्षीचा विषय त्या वाक्यात ठरला.

मुलांना प्रश्न विचारायलाही शिकवावं लागतं. "तुम्हाला त्रास होतो का?" असं विचारलं की आजी म्हणतात "नाही गं बाळा, चाललंय". त्याऐवजी "काल तुम्ही बाहेर गेलात तेव्हा कुठून कुठे गेलात?" असं विचारा, मग सगळं बाहेर येतं. हे घरी एकमेकांवर दहा मिनिटं करून बघायला लावा.

थांबा: ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांना "बिचारे" म्हणणारा सूर पहिल्या दिवशीच बंद करा. आजींनी आपल्याला त्यांचा वेळ दिला आहे, आपण त्यांच्यावर उपकार करत नाही. चहा त्यांनी विचारला तर घ्यायचा, आणि निघताना "पुढे काय झालं ते सांगायला येतो" म्हणायचं आणि खरंच जायचं.

## ३. दुसरा रविवार: विषय निवडा, कामं वाटा

फेरीवरून वीस-पंचवीस अडचणी निघतात. त्या सगळ्या फळ्यावर किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहा आणि प्रत्येकीला चार प्रश्न लावा:

- दहा रविवारांत निदान काहीतरी हलेल का?
- मुलांच्या हातांनी करता येण्यासारखा एक तरी भाग आहे का?
- जबाबदारी कोणाची आहे ते शोधता येईल का: सोसायटी, महापालिका, वीज कंपनी, दुकानदार?
- कोणाची रोजीरोटी मध्ये येते का? येत असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मतदान घ्या, पण आधी प्रत्येक विषयाच्या बाजूने आणि विरोधात एकेक जण बोलू द्या. हात वर करून नको, चिठ्ठीने. लाजरी मुलं वर्गातल्या दादा मुलाकडे बघून हात वर करतात. ज्यांचा विषय हरला त्यांना त्याच दिवशी महत्त्वाचं काम द्या, नाहीतर ती पुढच्या रविवारी येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कामं चार: फोन आणि भेटी, हिशोब, नोंदवही, पाणी-प्रथमोपचार. प्रत्येक काम दोघांकडे, आणि दर तीन रविवारी अदलाबदल. अदलाबदल नाही केली तर काय होतं सांगते, मुली आपोआप नोंदवहीवर आणि पाण्यावर जातात आणि मुलगे फोनवर आणि मोजपट्टीवर. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं. आपणच लक्ष ठेवायचं.

हिशोबाबद्दल थोडं जास्त: प्रत्येकी १०० रुपये वर्गणी, दहा मुलं, १००० रुपये. त्याच्या वर एक रुपया आपण घालायचा नाही. एक वही, तारीख, कशासाठी, किती, पावती चिकटवलेली, शिल्लक. दर रविवारी शेवटी शिल्लक मोठ्याने वाचायची आणि डबा उघडून मोजायची. एका वर्षी ४० रुपये कमी आले. माझा हात पर्समध्ये गेला होता, थांबले. मुलांनी पाऊण तास शोधलं, झेरॉक्सची पावती घेतलीच नव्हती असं निघालं. ज्याच्याकडे काम होतं तो रडवेला झाला, पण कोणी त्याला बोललं नाही, "यापुढे पावती नसेल तर खर्च लिहिताना दोघांची सही" असा नियम मुलांनीच केला. मी पैसे घातले असते तर हा नियम झालाच नसता.

## ४. तिसरा आणि चौथा रविवार: मोजा

"फुटपाथ खराब आहे" या वाक्यावर कोणी काही करत नाही. "दवाखान्यासमोर १४ मीटर लांबीत चालायला जागा ६० सेंटीमीटरच उरते" यावर करता येतं.

सामान: पाच मीटरच्या दोन टेप, खडू, पॅड, छापलेला तक्ता. तक्त्यात रकाने पाचच ठेवा: ठिकाण (जवळच्या दुकानाची किंवा खांबाची खूण), चालण्याची मोकळी रुंदी, कडेची उंची, अडथळा कोणता, फोटो नंबर. जास्त रकाने केले की मुलं अर्धे रिकामे सोडतात.

मुलांना मापाचे आकडे आधी द्या म्हणजे तुलना करता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार (आयआरसी १०३) राहत्या भागात फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी, डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. व्हीलचेअर जायला तर निदान ९० सेंटीमीटर लागतातच. १५ सेंटीमीटर म्हणजे साधारण घरातल्या जिन्याची एक पायरी. मुलांनी पहिल्याच ठिकाणी कड मोजली तर २८ आली, तेव्हा एक जण पटकन म्हणाला, "म्हणजे आजींना दोन पायऱ्या एकदम चढायला लागतात!"

मापं कशी घ्यायची त्याचा सराव आधी सोसायटीच्या आवारात करून घ्या. नेहमीच्या चुका या:

- फुटपाथची पूर्ण रुंदी मोजतात, मोकळी नाही. विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा कट्टा, फलक, पार्क केलेली गाडी सोडून जे उरतं ते मोजायचं.
- टेप ढिली धरतात. दोन टोकांना दोघं, तिसरा वाचतो, चौथा मोठ्याने परत म्हणून लिहितो.
- एकदाच मोजतात. सकाळी आणि संध्याकाळी चित्र वेगळं असतं. संध्याकाळची फेरी फक्त मोठ्यांबरोबर आणि उजेडात.

फोटोत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर नकोत. खडूने फुटपाथवर माप लिहून त्या मापाचा फोटो काढला की पुरावाही होतो आणि कोणाला त्रासही नाही.

दुकानदार विचारतातच, "काय रे, काय मोजताय?" याचं उत्तर मुलांना तयार हवं, आणि ते दोन वाक्यांत: आम्ही कोण, कशासाठी. आमची मुलं म्हणतात, "काका, आम्ही इथल्याच सोसायटीतले. आजी-आजोबांना दवाखान्यापर्यंत चालता यावं म्हणून फुटपाथ मोजतोय, तुमच्याही आई इथूनच जात असतील ना?" त्यातल्या एका किराणावाल्या काकांनी ऐकून घेतलं आणि बाहेर लावलेला स्टँड स्वतःच आत ओढला. सगळे असं करत नाहीत. कोणी आवाज चढवला तर मुलांनी "बरं काका" म्हणून पुढे जायचं, वाद घालायचा नाही, आणि तुम्ही दहा पावलांवर असायचं.

थांबा, हे महत्त्वाचं: फुटपाथवर भाजीवाल्या मावशी, चहावाले असतील तर मुलं लगेच "यांना उठवा" म्हणतात. इथे घाई करू नका. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यांना धंदा करण्याचं संरक्षण आहे, जागा ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचेच प्रतिनिधी असले पाहिजेत. मुलांना आधी मावशींशी बोलायला पाठवा, तक्रार करायला नाही, भाजी घ्यायला. आमच्याकडे मावशी म्हणाल्या, "मी हातभर मागे सरकते की, पण मागे पाणी साचतं, ते बघा ना कोणीतरी." म्हणजे मावशींची आणि आजींची अडचण एकच निघाली, आणि पत्रात पाण्याचा मुद्दा वाढला. मला वाटतं नागरिकशास्त्राचं पूर्ण पुस्तक वाचून जे कळलं नसतं ते त्या मुलांना त्या अर्ध्या जुडी कोथिंबिरीत कळलं.

## ५. पाचवा रविवार आणि त्यानंतरचा एक कामाचा दिवस: पत्र आणि पोच

क्रम इथे चुकतो. लोक आधी रंगरंगोटी करतात आणि पत्र शेवटी देतात. पत्राला उत्तर यायला वेळ लागतो म्हणून ते आधी जायला हवं, हाताने करायचं काम नंतर.

पत्र एक पान, मराठीत, मुलांच्या शब्दांत. त्यात असं असू द्या:

- प्रति, नेमकं पद (उदाहरणार्थ क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयाचे सहाय्यक आयुक्त). कोणाच्या हाताखाली पथ विभाग आहे ते फोन करून विचारायचं, अंदाज नको.
- विषय, एका ओळीत, रस्त्याचं नाव कुठून कुठपर्यंत.
- काय आढळलं: सगळ्यात वाईट तीन ठिकाणं आणि मापं. बाकीची यादी सोबत जोडायची.
- काय हवं: तीन मागण्या, त्यातली एक अगदी सोपी (उदाहरणार्थ उघडं झाकण बसवणे).
- कधीपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे.
- मुलांची फक्त पहिली नावं आणि इयत्ता, पत्ता आणि फोन एका मोठ्या माणसाचा, सही त्याची.

फोन मुलांनीच करायचा. पहिला फोन करणारी मुलगी सातवीतून नुकतीच आठवीत गेलेली होती. कागदावर वाक्यं लिहून घेतली होती, "नमस्कार, मी अमुक भागातून बोलते आहे", तरी पलीकडून "हॅलो, कोण?" आल्याबरोबर तिने फोन ठेवून दिला. मी काहीच बोलले नाही. पाणी प्यायली, परत लावला. दुसऱ्या वेळी कनिष्ठ अभियंत्यांचं नाव, त्यांच्या भेटीचा दिवस आणि वेळ, तिन्ही लिहून घेतलं तिने. फोन करताना तुम्ही शेजारी बसा, पण हात मागे ठेवा.

ऑफिस रविवारी बंद, बऱ्याच ठिकाणी शनिवारीही. दुपारची शाळा असलेली दोन मुलं आणि एक मोठा असे सकाळी जा. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. एक आवक-जावक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. याला पोच म्हणतात, आणि ती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही पत्र एका साहेबांच्या टेबलावर ठेवून नमस्कार करून आलो. महिन्याने विचारायला गेलो तर पत्रच नाही. दोष आमचाच होता, आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तपासा: पोचेचा फोटो ग्रुपवर, मूळ कागद फाईलमध्ये, आवक नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

## ६. सहावा-सातवा रविवार: हातांनी करायचं काम

सोसायटीच्या स्वतःच्या हद्दीत जे आहे ते करा. आमच्या मुलांनी तीन सोसायट्यांच्या गेटच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारली, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना पायरी कळते. कमिटीची लेखी परवानगी मुलांनीच मागितली. पायरी आधी झाडून, ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळू द्या. मास्किंग टेप लावा, पातळ दोन हात मारा, एक जाड नको. रंग खडबडीत हवा, गुळगुळीत ऑईलपेंट पावसात घसरतो, दुकानदाराला "पायरीसाठी, घसरणार नाही असा" सांगून मागा किंवा ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवा. रंग पूर्ण वाळेपर्यंत एक मूल पायरीपाशी उभं.

फुटपाथ महापालिकेचा. तिथे झाडणं, पालापाचोळा उचलणं ठीक. सिमेंट ओतणं, फरशी हलवणं, रंग मारणं परवानगीशिवाय नाही. फांद्या डोक्याला लागतात म्हणून मुलं कात्री घेऊन निघतात, तेही नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, फांदी तोडायलाही वृक्ष विभागाची परवानगी लागते. त्यासाठी वेगळा अर्ज करायचा, तोही मुलांनीच. गटाराचं झाकण, डीपी बॉक्स, लोंबणारी वायर यांच्या जवळ मुलांनी जायचंच नाही, लांबून फोटो आणि पत्रात उल्लेख.

## ७. आठव्या रविवारपासून: पाठपुरावा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेक गट इथे सोडून देतात. माझ्या मते मात्र सगळ्या प्रकल्पात खरं नागरिकत्व याच टप्प्यात शिकायला मिळतं.

पत्राला १५ दिवस झाले की फोन. बोलणं झालं की कोणाशी, कधी, काय म्हणाले ते तिथल्या तिथे वहीत. अजून १५ दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या पत्राचा आवक नंबर, परत पोच. दोन मुलं ऑफिसात भेटायला जातील, चिडून बोलायचं नाही पण रिकाम्या हातानेही परतायचं नाही, "पुढची तारीख सांगाल का?" हा प्रश्न विचारून यायचं. अभियंता साहेब जागेवर यायला तयार झाले तर आजींनाही बोलवा आणि त्यांच्याबरोबर चालू द्या, मुलांनी मागून.

तरीही काही नाही झालं तर माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. सही मोठ्यांची ठेवा, मजकूर मुलांचा. इथे नेहमी चूक होते ती "काम का केलं नाही?" असं विचारण्याची. "का" चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं, कागदपत्र मागा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या पत्रावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत मिळावी." उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात, त्या वर्षीची तारीख बघून मुलांची मापं त्या अर्जात टाका. गावात असाल तर मार्ग वेगळा आणि खरं तर जवळचा आहे: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी द्या, आणि सभेत मुलांना तीन मिनिटं बोलू द्यावं अशी सरपंचांना विनंती करा. मुलांना तिथे मत देता येत नाही, बोलायची परवानगी सहसा मिळते.

थांबा: वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा कुठल्या पक्षाचा बॅनर घेऊन कोणी "मुलांचा सत्कार करतो" म्हणून आलं तर नम्रपणे नाही म्हणा. लोकप्रतिनिधींना भेटायला हरकत नाही, भेटावंच, पण पत्र घेऊन, हार घ्यायला नाही.

## ८. दर रविवारी शेवटची वीस मिनिटं

गोल बसायचं, मोबाईल मध्यभागी एका पिशवीत. "आज काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नका, त्यावर मुलं तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. असं विचारा: आज कुठे भीती वाटली? कोणाचं ऐकून तुमचं मत बदललं? आज जे झालं नाही ते कोणामुळे, आणि त्या माणसाच्या जागी आपण असतो तर? एखाद्याला बोलायचं नसेल तर "पास" म्हणू द्या. शांतता झाली तर होऊ द्या, तुम्ही भरू नका, मला हे शिकायला दोन वर्षं लागली.

कोणी काही खाजगी, घरातलं सांगितलं तर ते गटात उकरू नका. नंतर दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर बाजूला बसून ऐका. लैंगिक त्रासाबद्दल काही कळलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुलाला तसं प्रेमाने सांगा आणि त्याच्यासोबत राहा.

## ९. नववा आणि दहावा रविवार: परत सांगायला जाणं आणि फाईल

नवव्या रविवारी मुलं त्याच आजी-आजोबांकडे, किराणावाल्या काकांकडे, भाजीवाल्या मावशींकडे जाऊन काय झालं आणि काय झालं नाही ते सांगतात. जे झालं नाही ते आधी सांगायचं. हे मुलांना जड जातं, त्यांना वाटतं आपण नापास झालो. एका आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाकण बसलं ना? मग मी आता तिथपर्यंत जाते, पुढचं तुम्ही बघा."

सर्टिफिकेट द्यायचं असेल तर त्यावर "उत्कृष्ट कार्य" लिहू नका. मुलाने प्रत्यक्ष काय केलं ते लिहा: २३ ठिकाणं मोजली, सहा फोन केले, तीन रविवार हिशोब ठेवला. गटात सतरा पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्याच दिवशी मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला बसवा, १७ नंतर आगाऊ अर्ज करता येतो आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यापैकी ज्या तारखेला १८ पूर्ण होतील त्यानुसार नाव लागतं.

दहाव्या रविवारी फाईल लावायची. त्यात या क्रमाने: फेरीच्या नोंदी, मापांचे तक्ते, पत्रं आणि पोच, फोनची वही, हिशोब आणि उरलेले पैसे (आमचे गेल्या वर्षी ११५ रुपये उरले, पुढच्या गटाच्या नावाने लिहिले). शेवटच्या पानावर तीनच गोष्टी: अजून कोणतं काम बाकी आहे, पुढचा फोन कोणत्या तारखेला करायचा, आणि तो कोण करणार. तिथे पुढच्या गटातल्या एका मुलाचं नाव असलं पाहिजे, आणि त्याने सही करून फाईल घरी न्यायची.